धसकटांतला शलगम

नोव्हेंबरात आम्ही ब्रॅडफर्डला खालाजानकडे होतो. खालूंनी एक दिवस यॉर्कशायर वोल्ड्सच्या चुनखडीच्या टेकड्या दाखवायला नेलं. जव उन्हाळ्यातच कापलेला, पण धसकटांतून शलगमची हिरवी पानं डोलत होती! नांगर न घालता यंत्राने बी थेट धसकटांत पेरतात. ओल टिकते, जमीन घट्ट राहते, पावसात कोकरं कमी रुततात. 10-12 आठवड्यांत चारा तयार; मग विजेची तार सरकवत एकेक पट्टा चरायला देतात.

“उपाशी कोकरं मात्र एकदम सोडायची नाहीत,” मेंढपाळ म्हणाला. आधी पोटात गवत हवं, मग थोडा थोडा पाला. एका वर्षी घाईत त्याची चार कोकरं गेली होती. सांगताना तो तारेकडेच बघत होता.

रात्री खालाजानने नेमकं शलगम-गोश्तच रांधलं होतं.