डिलीटचं बटण

तौलनिक साहित्याचं एम. ए. झाल्यावर काही वर्षं मी माहितीपटांची सबटायटल्स लिहीत असे आणि लहानसहान फिल्म स्वतः एडिटही करत असे. २०१० नंतर पुस्तकांची भाषांतरं वाढत गेली आणि एडिटिंग सुटलं. ठरवून सोडलं नाही. रोजच्या बोलण्यातून एखादी भाषा जाते तसं ते गेलं. गेल्या वर्षी ते पुन्हा शिकायला घेतलं, ते कपाटातल्या नऊ मिनी-डीव्ही टेप्समुळे.

त्या टेप्सवर तंजावरच्या एक आजी आहेत. सतराव्या शतकात व्यंकोजींनी तिथे राज्य स्थापल्यावर जी मराठी कुटुंबं दक्षिणेत रुजली, त्यांपैकी एकातल्या. त्यांची मराठी तमिळच्या शेजारात तीनशेहून जास्त वर्षं वाढलेली. आजी आता नाहीत. चेन्नईत वाढलेल्या त्यांच्या नातीला ती मराठी समजते, बोलता येत नाही. यातून वीसेक मिनिटांची फिल्म करून द्याल का, असं तिनं विचारलं.

तासाभराची टेप संगणकात उतरवायला तासच लागतो. त्या नऊ तासांत मी सॉफ्टवेअर शोधत होते. माझे हात फायनल कट प्रो ७ वर घडलेले. ते आजच्या मशिनवर चालत नाही. २०११ मध्ये ॲपलनं त्याच नावाचं सॉफ्टवेअर नव्यानं लिहून बाजारात आणलं. नाव ओळखीचं म्हणून आधी त्याचीच चाचणी प्रत घेतली.

मराठीत 'शिक्षा' झाली की माणूस तुरुंगात जातो, हिंदीत 'शिक्षा' घ्यायला शाळेत जातो. इथेही तसंच होतं. जुन्या फायनल कटमध्ये तुकडा निवडून डिलीट दाबलं की त्याची जागा रिकामी राहायची. शिफ्ट धरून डिलीट दाबलं तर पुढचं सगळं सरकून ती जागा भरायची. नव्यात नेमकं उलट: नुसतं डिलीट जागा मिटवतं, शिफ्टसह डिलीट ती राखतं. वेगात काम करणाऱ्याला हे सोयीचं आहे, हे मला दिसत होतं. पण माझ्या बोटांना दर वेळी अनुवाद करावा लागत होता.

मग इतर पर्याय पाहिले. प्रीमिअरचं भाडं महिन्याला भरायचं. एका फिल्मसाठी ते जड वाटलं. केडेनलाइव्ह मोफत आणि मुक्तस्रोत. शेवटी दा विंची रिझॉल्व्ह घेतलं. मुळात ते रंगसंस्कारासाठीचं. ब्लॅकमॅजिक डिझाइननं २००९ मध्ये विकत घेतल्यानंतर त्यात हळूहळू एडिटिंग आलं. त्याच्या मोफत आवृत्तीत माझं काम भागत होतं. खालच्या पट्टीवर सात दालनं. मला लागली तीन. कीबोर्डची मांडणी दुसऱ्या सॉफ्टवेअरसारखी करून घेण्याची सोय त्यात आहे. ती मी वापरली नाही. देवनागरीत उच्चार लिहून तमिळ वाचायचा प्रयत्न मी पूर्वी केला होता. लिपी शिकल्यावरच वाचन पुढे गेलं.

काही गोष्टी मात्र कुठेच बदललेल्या नव्हत्या. जे, के, एल ही मागे, थांबा, पुढेची बटणं. आय आणि ओ ही सुरुवात-शेवटाची. त्यांच्यावर बोटं आपोआप गेली. नातीनं पहिला तुकडा पाहून म्हटलं, आजीचा चेहरा बारीक दिसतोय. ते खरं होतं. जुन्या पॅल व्हिडिओचा पिक्सेल चौकोनी नसतो, थोडा आडवा असतो; तो चौकोनी धरला की माणूस अरुंद होतो. सेटिंग बदललं आणि आजींचे गाल परत आले.

खरा प्रश्न चौथ्या टेपवर आला. आजी लहानपणच्या एका सणाबद्दल सांगत आहेत. एका भांड्याचं नाव त्यांना आठवत नाही. त्या थांबतात. हातांनी भांड्याचा घेर दाखवतात. अकरा सेकंदांनी तमिळ शब्द येतो आणि गोष्ट पुढे सरकते. एडिटिंगच्या सवयीनं पाहिलं तर ते अकरा सेकंद काढायचे, सांधा हातांच्या क्लोज-अपनं झाकायचा. तसं केलं की आजी अस्खलित बोलतात. फक्त तो मराठी शब्द त्यांच्याकडून कुठे आणि कसा निसटला, हे फिल्ममधून जातं. आणि नात तर स्वतः त्याच जागेवर उभी आहे.

रिझॉल्व्हमध्ये बॅकस्पेस जागा राखतं, डिलीट ती मिटवतं. मी दोन्ही करून पाहिलं, दोन्ही नातीला पाठवलं. तिनं लांब तुकडा निवडला. ती म्हणाली, आजी शब्द शोधताना अशीच वर बघायची.

त्या अकरा सेकंदांत सबटायटल नाही. आधी मी तिथे तीन टिंबं टाकली होती, तीही काढली.

फिल्म आता तयार आहे. सोबत सबटायटल्सची वेगळी फाइल दिली आहे: अनुक्रमांक, वेळ, वाक्य, साधा मजकूर, कुठल्याही संगणकात उघडणारा. आज शिकलेलं हे सॉफ्टवेअरही कधीतरी चालेनासं होईल. नातीला पुढे ही मराठी बोलावीशी वाटली, तर आजींची वाक्यं तिच्याजवळ मुळातल्या शब्दांत असावीत, म्हणून दुसरी फाइल मराठीत केली आहे. भांड्याच्या जागी तमिळ शब्दच ठेवला आहे.