गाठीलगतचा धागा

जाळ्यात अडकलेला सकर मासा पुढे ढकलायचा की मागे ओढायचा, हा वाद मी भिगवणपासून पैठणपर्यंतच्या भोयांशी घातलेला आहे. बहुतेक जण मागे ओढतात, कारण शिंगाळ्याची सवय. शिंगाळ्याचा काटा बुडाशी जरा मुरडला की मिटतो. सकर तसा ऐकत नाही. छातीचे दोन काटे तो आडवे ताठ करतो, पाठीचा उभा, आणि ते बुडाशी अडकून बसतात. अंगभर हाडांच्या पट्ट्या, कौलांसारख्या शेपटीकडे उतरत गेलेल्या. पट्ट्यांवरचे खरखरीत काटे दाताच्याच द्रव्याचे, टोकं मागे वळलेली. धागा डोक्याकडून शेपटीकडे मुकाट सरकतो. उलटा ओढला की प्रत्येक पट्टीला अडतो.

म्हणून पुढे काढा, असं माझं म्हणणं. पण त्यासाठी सगळं धड जाळ्याच्या घरातून जायला हवं, आणि चिलापीसाठी विणलेल्या घरातून हातभर सकर जाणार कसा? त्यात तो अडकल्यावर लोळतो आणि आजूबाजूची घरंही अंगाभोवती गुंडाळून घेतो. मरेपर्यंत थांबावं, काटे सैल पडतील, तर मरत नाही. हवा गिळून पोटाच्या भिंतीतून श्वास घेतो. पहाटे होडीत टाकलेला दुपारी जिवंत असतो. मग वैतागलेला माणूस कोयता घेतो, आणि ते जाळं माझ्याकडे येतं.

तिसगावात जाळी सांधणारा कशाला, असं लोक विचारतात. बरोबर आहे. आमच्या पाथर्डी तालुक्यात प्यायला टँकर लागतो आणि माणसं ऊसतोडीला जातात. पण गाव हायवेवर आहे. मुळा धरणावरची जाळी येतात, नाथसागराची येतात, आणि उजनीकाठी सोयरीक असल्यानं तिथली सगळ्यांत जास्त. गोणी उघडली की कुठलं जाळं ते मी सांगतो. मुळेचं कुठंही फाटतं, बुडालेल्या बाभळींच्या खोडांनी. उजनीचं खाली फाटतं, शिशाच्या मण्यांपासून वरच्या चार-पाच ओळींत. सकर तळाला तोंड लावून शेवाळ खरवडत चालतो, वर फारसा येत नाही.

याचं मूळ पाणी दक्षिण अमेरिकेचं. त्याच्या कुळात हजाराहून अधिक जाती आहेत. काचेच्या टाकीतलं शेवाळ खातो म्हणून घराघरांत आणला, मोठा झाला, तसा नदीत सोडला. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येते. पुढचं सांगायला नको. काठाच्या मातीत तो बीळ करतो आणि नर आत अंडी राखत बसतो, त्यामुळे जाळ्यानं तो संपणार नाही. मेक्सिकोत इन्फिएर्निलो नावाचं धरण आहे. तिथं चिलापीचा मोठा धंदा होता. जाळी सकरनं भरायला लागली आणि धंदा बसला. उजनीवाले त्याला परदेशी म्हणून शिव्या देतात तेव्हा मला हसू येतं. ज्या चिलापीसाठी रडतात ती तरी कुठली? आफ्रिकेची. फरक एवढाच की चिलापी विकली जाते. अ‍ॅमेझॉनकाठी सकर कवचासकट निखाऱ्यावर भाजतात, वाळवून पीठही करतात. आपल्याकडे त्याला गिऱ्हाईक नाही.

कापायचंच असेल तर एक धागा कापा, छातीच्या काट्यामागचा, आणि गाठीलगत. मधोमध कापला तर दोन्ही टोकं आखूड राहतात, नवा धागा घालावा लागतो. गाठीलगत कापला तर एक टोक लांब उरतं, तेच परत जागेवर बांधता येतं. हे मी सांगून थकलो. आता तर किलोवर तयार जाळी मिळतात, फाटलं की फेका. धरणात फेकलेलं जाळं वर्षानुवर्षं मासे मारत राहतं, पण स्वस्त पडतं ना!

माझ्या डाव्या अंगठ्याला हल्ली बधिरपणा आहे. गाठ बसली की नाही हे अंगठ्याला कळायचं, ते आता डोळ्यांनी पाहावं लागतं आणि डोळेही तसलेच. म्हणून पुतण्या बसतो. मध्ये एका गिऱ्हाइकानं फोनवर सांगितलं, पोरानं सांधलेलं पाठवा. दोन दिवस मी पोराच्या गाठी ओढून बघत होतो, एखादी तरी सरकेल म्हणून. सरकली नाही. आणखी एक सांगतो, उजनीकाठच्या पाव्हण्यांनी वाचू नये: सकर उद्या नाहीसा झाला तर मला वाईट वाटेल. माझ्या म्हातारपणी एवढं काम दुसऱ्या कुठल्या माशानं दिलं नाही. आणि त्याच्याबद्दल विचारायला माणसं माझ्याकडे येतात, हेही मला आवडतं.

पुतण्या म्हणतो, "काका, जाळं तळापासून हातभर उचलू. मण्यांची दोरी खाली, मध्ये नुसत्या उभ्या दोऱ्या, त्यावर जाळं. सकर खालून जाईल." शिंगाळाही खालूनच जाईल, हे त्याला सांगितलं. त्यावर त्याचं उत्तर, शिंगाळा आता राहिलाय किती? मला ते पटत नाही. खालच्या ओळी जाड दोऱ्यानं आणि मोठ्या घरांच्या विणाव्यात, सकर पुढच्या पुढे निघून जाईल, असं माझं मत. सध्या एकाच जाळ्याचा अर्धा भाग त्याच्या पद्धतीनं चाललाय, अर्धा माझ्या. पाव्हण्यांना कुठला अर्धा कुणाचा ते सांगायचं नाही असं ठरलंय. मी मात्र माझ्या बाजूच्या भेंडाला लाल दोरा बांधलाय.