परदरबारातले आपले माणूस

पेशव्यांच्या दरबारचे वकील १३ जून १८१७ रोजी गेले. त्या दिवशीच्या पुण्याच्या तहाने दुसऱ्या बाजीरावांनी इतर दरबारी वकील पाठवणे आणि त्यांचे वकील आपल्याकडे ठेवून घेणे सोडले. नागपूरकर भोसल्यांकडे तर १८०३ च्या देवगावच्या तहानंतर कंपनीचा रेसिडेंट येऊन बसला होता. या थोरल्या वकिलांचा आवाज तेव्हापासूनच खोल गेला होता.

आज वकील म्हटले की काळा कोट डोळ्यांपुढे येतो. हे वकील निराळे. परक्या दरबारी धन्याचे डोळे, कान आणि जिव्हा होऊन राहणारे हे गृहस्थ. १६५९ मध्ये शिवाजीमहाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ अफजलखानाच्या छावणीत गेले. पुढे हिंगण्यांच्या घराण्याने दिल्लीत, गोविंदराव काळ्यांनी हैदराबादेत, भोसल्यांच्या वतीने बेनीराम पंडितांनी कलकत्त्यात हीच सेवा केली.

आमच्या रामाकोन्यातून या थोरल्यांकडे पाहताना जीव अधिकच गुंततो. हा सौंसरचा मुलूख देवगडच्या गोंड राजांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा. आता तो मध्य प्रदेशात आहे. शाळा-कचेरीत हिंदी आणि चुलीपाशी मराठी, असे आमचे दिवस जातात. वकिलांचेही तसेच होते. दिवसभर दरबारात फारसीतला अदब सांभाळायचा आणि रात्री समईच्या उजेडात बोरू शाईत बुडवून मोडीत घरी लिहायचे. दोन्ही भाषांचा मान राखणे सोपे नसते, हे आम्हाला कोणी शिकवावे लागत नाही.

ते लिहीत तरी काय? कोण कोणाला एकांतात भेटला, फौजेचा पगार किती तुंबला, राजाची प्रकृती कशी आहे, धारण काय चालली आहे. बोलणे झाले ते जसेच्या तसे, प्रश्नामागे उत्तर. स्वतःचा अंदाज लिहिला, तर तो अंदाज आहे असे सांगून. मला त्यांचा हा प्रामाणिकपणा सर्वांत मोठा वाटतो. खर्चाला पैसे न पोचल्याची, कर्ज झाल्याची विनंती अखेरीस यायची, तीही अदबीने. मग पत्र थैलीत जाई, थैली जासुदाच्या कमरेला. नद्यांचे पूर आणि घाटांच्या वाटा तुडवणाऱ्या त्या जासुदांची नावे फारशी उरली नाहीत. थोरल्यांच्या सेवेत त्यांचे पायही होते.

मेक्सिकोचे कवी ओक्ताव्हियो पाझ १९६२ ते १९६८ दिल्लीत राजदूत होते आणि या देशावर त्यांनी मनापासून लिहिले. मुत्सद्दी, इतिहासकार आणि लेखक एका देहात नांदू शकतात, याचे जगाला कौतुक वाटते. आमच्या वकिलांच्या ठायी हे तिन्ही होते. फक्त आपण इतिहास लिहितो आहोत, हे त्यांच्या मनीही नव्हते. ते धन्यासाठी लिहीत होते.

नागपुराहून पुण्याला गेलेली अशा वकिलांची पत्रे नाना फडणिसांच्या मेणवलीच्या दप्तरात जपून राहिली. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी त्यांतली निवडून दोन खंडांत संपादली आणि डेक्कन कॉलेजने १९५४ व १९५९ मध्ये छापली. मोडी वाचणारे डोळे तोवर विरळ होत चालले होते. शेजवलकरांनी ती बाळबोधीत आणली, म्हणून माझ्यासारख्याला थोरल्यांचे बोलणे ऐकता आले.

ते खंड उघडले की भोसल्यांचे नागपूर जागे होते. वाड्यातली कुजबुज ऐकू येते, लष्कराच्या कूचाची तयारी दिसते, उत्तराची वाट पाहणारा एक थकलेला माणूस दिसतो. सगळे सांगून झाल्यावर तो हात आवरता घेतो आणि लिहितो: सेवेशी श्रुत होय, हे विज्ञापना.