कॉन्फरन्स जिनिव्हाला, अर्धा दिवस आपला!

कंपनीने कॉन्फरन्ससाठी जिनिव्हाला धाडलंय? सही! शेंगेन व्हिसा हातात आला की लगेच हॉटेलला ई-मेल टाका आणि ट्रान्सपोर्ट कार्ड मागून घ्या. हॉटेलात उतरणाऱ्यांना ते फुकट मिळतं. बस, ट्रॅम, तलावातल्या छोट्या 'मूएत' बोटी, सगळं त्यावर चालतं. विमानतळावरून कॉर्नाव्हां स्टेशन ट्रेनने जेमतेम ७ मिनिटं. चलन मात्र युरो नाही, स्विस फ्रँक! आणि तो खिसा चांगलाच हलका करतो. त्यामुळे रिकामी बाटली जवळ ठेवा, नळाचं पाणी बिनधास्त प्या.

अर्धा दिवस मोकळा मिळाला तर सर्नचं सायन्स गेटवे गाठा. दारापर्यंत ट्रॅम, प्रवेश फुकट, सोमवारी बंद. संयुक्त राष्ट्रांची इमारत आतून बघायची तर पासपोर्ट हवाच.

पण मला विचाराल, तर त्याच इमारतीसमोरची १२ मीटर उंच लाकडी खुर्ची चुकवू नका. तिचा एक पाय तुटलेला आहे. भूसुरुंगांत हातपाय गमावलेल्यांसाठी ती १९९७ मध्ये उभी राहिली. गळ्यात डेलिगेटचा बिल्ला अडकवून मी तिच्याखाली उभी राहिले, तेव्हा वाटलं, आत एसी हॉलमध्ये ज्यांच्याबद्दल ठराव होतात, ती माणसं बाहेर अशी उभी असतात. फोटो जरूर काढा. पण आधी दोन मिनिटं नुसतं वर बघा.