पाच डॉलरचे मालक

मालक कोणाला म्हणावे? ज्याच्या नावाचा कागद आहे त्याला, की ज्याला विचारल्याशिवाय वस्तू विकता येत नाही त्याला? अर्थशास्त्राच्या तासाला ‘सहकार’ हा विषय सुरू झाल्यापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळतो आहे. त्याचा शोध घेताना एका दूरदेशीच्या दुकानाची हकीकत वाचनात आली. दुकान कॅनडातले, माल गिर्यारोहणाचा. पण गोष्ट आपल्याच शिवारातली वाटावी अशी!

१९७१ साली व्हँकुव्हर शहरात डोंगरांचे वेड असलेल्या सहा जणांनी ‘माउंटन इक्विपमेंट को-ऑप’ ही सहकारी संस्था काढली. चांगले दोर, तंबू, बर्फातल्या कुऱ्हाडी त्या भागात सहजासहजी मिळत नसत. त्यासाठी सीमा ओलांडून अमेरिकेतल्या सिएटलला जावे लागे. तेथे १९३८ पासून गिर्यारोहकांचे ‘आरईआय’ हे सहकारी भांडार होते. मग तसेच एक भांडार आपले का नसावे? पाच डॉलरचा शेअर आणि प्रत्येक सभासदाला एक मत, एवढ्यावर काम सुरू झाले.

पुढे संस्था वाढली. देशभर २२ दुकाने झाली, सभासद पन्नास लाखांच्या वर गेले. शेअर मात्र पाच डॉलरचाच राहिला. परंतु नव्या सभासदांपैकी बहुतेकांनी तो घेतला, तो खरेदी करता यावी म्हणून. मतदान करणारे अगदी थोडे. २०१२ मध्ये नियम बदलून संचालकपदाला कोण पात्र हे ठरवण्याचा अधिकार संचालक मंडळाच्या हाती गेला. २०१३ मध्ये दुकानाच्या बोधचिन्हातून डोंगर गेला आणि ‘को-ऑप’ हा शब्दही गेला. पाटीवरून शब्द गेला, तेव्हा कितीजणांना चुकल्यासारखे वाटले असेल?

तरी सभासदांचा आवाज अगदीच बंद झाला नव्हता. २०१८ साली अमेरिकेतील पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला. ज्या व्हिस्टा आउटडोअर कंपनीच्या ब्रँडांचा माल आपल्या दुकानात विकला जातो, तीच कंपनी बंदुकाही विकते, हे सभासदांनी दाखवून दिले. संस्थेने त्या ब्रँडांची नवी खरेदी थांबवली. काय विकावे हे सभासद सांगू शकले, तेही ऐकले गेले!

मग दिवस फिरले. २०१९ च्या फेब्रुवारीत संपलेल्या वर्षात सुमारे १ कोटी १५ लाख डॉलरचा तोटा झाला. त्यापाठोपाठ करोनाने दुकानांना कुलपे लावली. सप्टेंबर २०२० मध्ये संचालकांनी जाहीर केले, की संस्था लॉस एंजेलिसच्या किंग्जवुड कॅपिटल मॅनेजमेंट या गुंतवणूक कंपनीला विकली जात आहे. कर्जात बुडालेल्या कंपन्यांसाठीच्या कायद्याखाली हा व्यवहार झाला. सभासदांचे मत घेतलेच नाही. एक लाखाहून अधिक लोकांनी निषेधाच्या निवेदनावर सह्या केल्या, वर्गणी काढून वकील दिले. न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये विक्रीला मान्यता दिली. यापेक्षा बरी वाट नव्हती, असे संचालकांचे म्हणणे होते. तेव्हा ते खरेही असेल. पण वाट बंद होत असताना मालक कोठे होते? २०२५ मध्ये हे दुकान पुन्हा कॅनडातील गुंतवणूकदारांकडे आले. सहकारी मात्र झाले नाही.

माझे वडीलही असेच एक मालक आहेत. आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याच्या शेअरचा दाखला पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी जपून ठेवला आहे. दिवाळीला सवलतीची साखर आणायची, निवडणुकीत शिक्का मारायचा आणि वार्षिक सभेत पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा पुकारा झाला की हात वर करायचा, एवढीच त्यांची मालकी. छापील अहवाल दरवर्षी घरी येतो. तो वाचू शकणारा घरातला पहिला माणूस मी. यंदा त्यातला कर्जाचा आकडा पाहून मी विचारले, “आबा, हे कर्ज कुणाला विचारून काढलं?”

“आमालाच इचारलं आसंल की,” ते म्हणाले, “आमी मंजूर म्हनलो.”

१९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे-पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा कारखाना उभा राहिला, तेव्हा लोकांनी पदरमोड करून शेअर घेतले होते. महाराष्ट्रातले असे कित्येक कारखाने पुढे कर्जापायी लिलावात निघाले आणि खासगी मालकांकडे गेले. त्यांचेही सभासद होते, त्यांच्याही पेट्यांत दाखले होते.

मला वाटते, संस्था विकली जाते ती न्यायालयात नव्हे. ज्या दिवशी सभासद स्वतःला गिऱ्हाईक समजू लागतो, त्या दिवशीच तिचा सौदा सुरू होतो. मित्रहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा अहवाल येतो आणि त्यात शेंगदाणे बांधले जातात. पुढच्या सभेआधी तो मी आबांना ओळ न् ओळ वाचून दाखवणार आहे. मग त्यांनी मंजूर म्हणावे की नामंजूर, ते त्यांनी ठरवावे. मालक ते आहेत.