पास आणि नानांचे गुडघे

‘पास’ हा शब्द आमच्या घरात मोठ्या मानाने उच्चारला जाई. नाना भुसावळला गार्ड होते. रेल्वेच्या फुकट पासावर आम्ही भावंडांनी निम्मा देश पाहिला. त्यामुळे २०२४ च्या मे महिन्यात नानांना युरोप दाखवायचे ठरले, तेव्हा परदेशी प्रवाशांसाठी असलेला ‘युरेल’ पास काढायचा हे न बोलताच ठरले.

मी हौसेने बेत आखला : पंधरा दिवस, नऊ शहरे, दहा प्रवासदिवसांचा पास. पैसे भरायचे तर वसूल नकोत का? नानांनी चष्मा लावून कागद वाचला आणि विचारले, “अरे, ह्यात उतरायचं कुठे?”

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे त्यांचे गुडघे माझ्या बेतात कुठेच नव्हते.

मग आम्ही बापलेक पुन्हा बसलो. प्रवासदिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र. तेवढ्यात गाड्या कितीही बदलाव्यात. महिन्यात चार दिवसांचा लहान पास आम्हांला पुरत होता : पॅरिस ते लुसर्न, लुसर्नहून इंटरलाकेनला जाऊन-येऊन, लुसर्न ते व्हिएन्ना आणि शेवटी व्हिएन्नाहून साल्झबर्गची फेरी. विमानाने पॅरिसला उतरायचे, व्हिएन्नाहून निघायचे; म्हणजे उलट पावली येणे नको.

चूक झाली ती माझ्याच हातून. पास म्हणजे जागा नव्हे, हे मी वाचूनही विसरलो होतो. फ्रान्सच्या वेगवान गाड्यांना निराळे पैसे भरून आरक्षण करावे लागते, आणि देशाबाहेर जाणाऱ्या गाड्यांत पासवाल्यांच्या जागा मोजक्याच. आठवडाभर आधी पाहतो तो झुरिचच्या गाडीतल्या त्या जागा संपलेल्या! पूर्ण तिकिटाचा आकडा पाहून माझे तोंड उतरले. नाना म्हणाले, “पॅसेंजर नाही का?”

होती की! पॅरिसच्या पूर्व स्थानकावरून त्र्वा, शोमाँ, बेल्फोर करीत म्यूलूझला जाणारी साधी गाडी. आरक्षणाची भानगड नाही. पुढे बाझेल, मग लुसर्न. पोहोचायला संध्याकाळ झाली. पण नाना खिडकीपासून हलले नाहीत. प्रत्येक स्थानकावर गार्ड शिट्टी देतो की नाही, हे ते पाहत होते.

इंटरलाकेनच्या वाटेवर ब्रुनिगचा घाट लागतो. तिथे चढावर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आहे. गाडीखालचे दातेरी चाक तिच्यात अडकते आणि गाडी वर चढते. नाना खुलले. “कसाऱ्याला आपण मागून बँकर जोडतो, ह्यांनी दातच बसवलेत!” युंगफ्राऊच्या शिखररेल्वेला हा पास पुरत नाही, फक्त सवलत मिळते. आम्ही तिकडे फिरकलोच नाही.

व्हिएन्नाची गाडी आर्लबर्गच्या बोगद्यात शिरली, तेव्हा नानांनी घड्याळ काढले. हा बोगदा दहा किलोमीटरांहून लांब, १८८४ साली खुला झालेला. बाहेर पडताच त्यांनी मिनिटे वहीत टिपली आणि मान टाकून झोपी गेले. साल्झबर्ग आले तरी मी त्यांना उठवले नाही; परवा इथेच तर यायचे होते.

पण व्हिएन्नात गुडघे सुजले, आणि पासाचा चौथा दिवस कोराच राहिला. मला चुटपुट लागली. नाना मात्र दिवसभर हॉटेलच्या खिडकीत बसून खालच्या ट्रामगाड्या मोजत होते, आणि एखादी उशिरा आली की मला हाक मारून सांगत होते.