पुलंचे दात आणि पुलंचा कान

डोळखांब

चि. बंड्या,

ताईने तुझा फोटो पाठवला. जाड काड्यांचा चष्मा, पुढे आलेले नकली दात. लघुपटात तू पुलं करतोयस म्हणून ओटीवर आल्यागेल्या सगळ्यांना दाखवला. पण मला विचारतोस काय, तर ‘मामा, दात बरोबर दिसतात का?’ अरे, दातांचं काय घेऊन बसलास!

पुलंच्या जन्मशताब्दीच्या २०१९ सालात महेश मांजरेकरांनी दोन भागांत काढलेला ‘भाई : व्यक्ती की वल्ली’ मीही पाहिला. सागर देशमुखने मेहनत घेतली आहे, नाही म्हणणार नाही. पण चित्रपट मैफलींत आणि पेल्यांत इतका रमला की पुलंच्या कामाला जागाच उरली नाही. ‘गुळाचा गणपती’ १९५३चा. लेखन, दिग्दर्शन, संगीत, नायक, सबकुछ पुलं. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या निर्मात्यांत हाच माणूस. हसवणाऱ्याचा चरित्रपट म्हटला की सगळे त्याचं दुःख आणि बाटली शोधत सुटतात. त्याने हसवलं कसं, हे दाखवा की कुणीतरी!

‘एक अलबेला’त मंगेश देसाईंनी भगवानदादा केले, तिथे मी भांडलो नाही. दादांची कला अंगात होती. तो ठेका पकडला की माणूस हाती लागतो. पुलंची कला कानात. ‘म्हैस’ पुन्हा ऐक. एकटा माणूस बोलतोय आणि अख्खी एसटी भरून उतारू उभे राहतात, प्रत्येकाचा श्वास निराळा. आपले भाऊ ही कॅसेट लावायचे तेव्हा पाड्यावरची माणसं त्यात आपल्या शहापूरच्या गाडीतले उतारू नावानिशी ओळखायची, आठवतं ना? आणि ‘अंतू बर्वा’ ऐकताना हसता हसता घसा दाटतो, ती जागा सापडल्याशिवाय कॅमेऱ्यापुढे उभा राहू नकोस.

दुसरं ऐकलं ते मात्र मला मुळीच पटलेलं नाही. प्रसंगासाठी तू सिगारेट ओढायला शिकतोयस म्हणे. तुझी छाती लहानपणापासून कशी आहे! मामीने किती रात्री ओव्याची पुरचुंडी शेकली. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीतून उभं राहिलं, आणि त्यांचंच सोंग घेऊन तू धूर गिळणार? दिग्दर्शकाला सांग, सिगारेट नको, पेटी द्या. पुलं पेटीवर जीव टाकायचे. भाऊंनी शिकवलेला भूप बोटांत आहे की गेला?

लावणी उरकली की येतो. कॅसेट टपालाने पाठवत नाही, या पावसात भिजेल. खोकला सुरू झाला असेल तर लपवू नकोस. आईला सांगायचं नसेल तर मला फोन कर, रेंज नसली तर रात्री पुन्हा लाव. मामीला यातलं काही बोललेलो नाही.

तुझा,
मामा